साबणाएवढी खाडी

वाचनालयाच्या खिडकीमागे बसणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट कोरडेपणा असतो. समोरचा माणूस पुस्तक फाडायलाच आला आहे, अशी त्याची खात्री असते. तो चेहरा मला सोळाव्या वर्षीच साधला होता. वाचनालय माझं स्वतःचं होतं, बाळकुमच्या आमच्या घराच्या ओटीवर, आणि त्यात पुस्तक एकही नव्हतं. नऊ कॅसेटी होत्या. गाण्यांच्या नव्हेत, खेळांच्या. टीव्हीला जोडायच्या मशीनमध्ये खोचायच्या, साबणाच्या वडीएवढ्या काळ्या डब्या, खालच्या कडेला तांब्याचे बारीक दात असलेल्या. त्या मी शंकरपाळ्यांच्या रिकाम्या डब्यात, जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर ओळीनं मांडून ठेवत असे. शंकरपाळ्यांचा वास त्यांना शेवटपर्यंत होता.

मशीन आणलं माझ्या मामानं. मामा कळव्याचा, आईचा धाकटा भाऊ, मस्कतच्या बंदरात बोटीवर इंजिनखात्यात कामाला. दोन वर्षांतून एकदा यायचा आणि त्याची बॅग उघडली की घरातला सुक्या बोंबलांचा वास दोन दिवस पावडरच्या वासापुढे हार मानायचा. इतरांचे मामा-काका टेपरेकॉर्डर आणायचे, जाड फुलाफुलांची ब्लँकेटं आणायचे. आमच्या मामानं एक काळं खोकं आणलं, त्याला दोन दांड्या, आणि वर या नऊ कॅसेटी. "कंपनी बंद पडली, ताय. दुकानदार म्हनला, ढीग उचल आनि जा," असं तो मोठ्या अभिमानानं सांगत होता. कंपनी बंद पडली याचा अर्थ दहावी कॅसेट या जगात आपल्याला कधीच मिळणार नाही, हे आमच्या कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. आईनं तेवढं विचारलं, "बंद पडलेल्याचं घेतलंस? मग हे चालंल कसं?" मामा म्हणाला, "बनवनारा मेला म्हनून होडी बुडते काय?" आमच्या घरात होडीचा दाखला दिला की वाद संपत असे.

शटरवाला काळापांढरा टीव्ही होता. त्याच्या पाठीमागची अँटेनाची वायर काढून तिथं मशीनची वायर लावायची, मग चॅनेलचं बटण फिरवत बसायचं. मुंग्यामुंग्या, मुंग्यामुंग्या, आणि अचानक काळोखात एक पांढरा चौकोन उभा राहायचा. मी दांडी डावीकडे केली आणि चौकोन डावीकडे गेला, तो क्षण मी अजून विसरलेले नाही. तोवर टीव्ही आम्हाला दाखवत असे आणि आम्ही बघत असू. त्या दिवशी पहिल्यांदा टीव्हीनं माझं ऐकलं. नंतर मी विमानात बसले, परदेश पाहिला, डोळ्याचं ऑपरेशन होऊन जग पुन्हा लख्ख दिसलं तेही अनुभवलं. पण त्या चौकोनानं अंगावर जो काटा आणला, त्याची सर कशालाच नाही. माझी नात म्हणते, "आजी, एक चौकोन?" हो बाई, एक चौकोन. तुझ्या फोनमध्ये शेकडो खेळ आहेत आणि तू जांभया देतेस.

वाचनालयाची कल्पना अर्थातच माझी. मी ठाण्याच्या वाचनालयाची सभासद होते आणि आमच्या आळीत आपल्यासारखं वाचलेलं कोणी नाही, असं माझं ठाम मत होतं. शाळेत मी 'नाही' म्हणायची, घरी आल्यावर 'नाय'. बाहेर जाताना केसांना मासळीचा वास येतो का, ते मैत्रिणीला नव्हे, आरशाला विचारायची. आरसा काय सांगणार? अशा मुलीच्या हाती नऊ कॅसेटी आल्यावर तिनं वही आखली. कॅसेटीचं नाव, सभासदाचं नाव, वेळ, शेरा. खेळायचं आमच्याच ओटीवर, तरी कॅसेट मागताना वहीत सही करायची आणि परत देताना पुन्हा सही. इंग्रजी नावं होती ती मी मराठीत आणली. रणगाड्याच्या खेळाचं नाव 'समरांगण', उंदरानं भुयार पोखरायच्या खेळाचं 'पाताळयात्रा', बेरजा-वजाबाक्यांचा एक होता त्याचं 'बुद्धिवैभव'. बुद्धिवैभव फक्त मीच खेळायची आणि शेऱ्यात स्वतःलाच 'उत्तम' लिहायची. मुख्य नियम एकच: हात साबणानं धुऊन, पुसून, मला हुंगायला दिल्याशिवाय कॅसेटीला बोट लावायचं नाही. शेजारची कुंदा, माझ्याच वयाची, कोळंबी सोलता सोलता उठून यायची. मी तिला तीनदा परत पाठवायची. "तू डॉक्टरीण हायस की काय गो?" ती विचारायची. मी नाकानं उत्तर द्यायची.

प्रत्येक कॅसेटीच्या खोक्यावर रंगीत चित्र होतं. रणगाड्याच्या खोक्यावर ज्वाळा, धूर, ओरडणारे शिपाई. पडद्यावर दोन ठोकळे आणि मध्ये भिंत. कोणालाही फसवल्यासारखं वाटलं नाही, याचं मला आज नवल वाटतं. चित्रापासून ठोकळ्यापर्यंतचं सगळं अंतर आम्ही आमच्या पदरचं घालून भरत होतो. मशीनबरोबर एक गुळगुळीत पुस्तिका आली होती. तिच्यात कंपनीच्या सगळ्या खेळांची चित्रं होती, एकतीस. त्यातले नऊ आमचे. उरलेले बावीस आम्ही चित्रावरून खेळायचो. कुंदा पुस्तिका उघडायची, एका बर्फाच्या डोंगरावर बोट ठेवायची आणि "मी चढली," म्हणायची. मी म्हणायची, "घसरलीस." आणि ती खरंच पडल्यासारखी हळहळायची. त्यातले कितीतरी खेळ कंपनी बंद पडली तेव्हा बनलेच नव्हते, हे मला परवा नातीनं शोधून सांगितलं. म्हणजे ते डोंगर जगात कोणीच चढलेलं नाही. फक्त आम्ही दोघी, बाळकुमच्या ओटीवर.

नववी कॅसेट होडीची. खोक्यावर दाढीवाला माणूस, घराएवढ्या लाटा. पडद्यावर वरच्या बाजूला एक आडवी रेघ, तिच्यावर होडी, खाली पाणी. दांडी दाबली की होडीतून जाळं खाली सुटायचं, मासे आडवे पळायचे, ते जाळ्यात आले की ओढायचं, आणि एक मोठा मासा मध्येच येऊन जाळं फाडायचा. मी या कॅसेटीला नाव दिलं होतं 'मत्स्यविहार' आणि ती डब्यात अगदी तळाशी ठेवली होती. आम्हा कोळ्यांच्या घरात मासे धरायचा खेळ म्हणजे मला थोडा अपमानच वाटला होता.

आता बाबांचं सांगायला हवं. बाबा जन्मापासून खाडीवर. आजोबांची होडी, तीच त्यांनी चालवली. पण खाडीत म्हावरा कमी होत गेला, गावला तर त्याला रॉकेलचा वास, आणि आई पाटी घेऊन बसली की गिऱ्हाईक हुंगून पुढे जाऊ लागलं. मामा मशीन घेऊन आला त्याच्या आदल्या वर्षी बाबांनी होडी पलीकडच्या एका माणसाला देऊन टाकली आणि एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून लागले. होडी न्यायला माणसं आली तेव्हा बाबांनी स्वतः तिला ढकललं, ती वळणाआड गेली तशी हात धुतले आणि घरी येऊन जेवले. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं आटलं. रागावलेले नव्हते. विचारलं तर 'हो', 'नाय'. आणि आईचाही एक प्रश्न घरातून गेला. आधी बाबा खाडीवरून आले की ती पाटी डोळ्यांनी बघत असतानाही विचारायची, "काय गावलं?" ते सांगायचे. समोर दिसतंय ते कशाला विचारायचं, असं मला शहाणीला वाटायचं. खाकी कपड्यातून आलेल्या माणसाला ती काय विचारणार? ती नुसता चहा ठेवायची.

एका संध्याकाळी कुंदानं हट्टानं ती तळातली कॅसेट काढायला लावली. तिचं जाळं सारखं फाटत होतं. बाबा टोपी खुंटीला अडकवून मागे उभे होते. बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, "जालं असं टाकतात काय?" आम्ही दोघी वळलो. बाबा पडद्याकडे बघत होते. "म्हावऱ्याच्या मागं काय धावतंस? तो येतो तिथं आधी जाऊन थांब." कुंदानं दांडी त्यांच्या हातात दिली. मी, वाचनालयाची मालकीण, म्हणाले, "बाबा, हात धुतलेत?" हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. बाबा दांडी खाली ठेवून निमूट मोरीवर गेले, हात धुऊन आले आणि माझ्यापुढे धरले. मी हुंगले.

ते खेळायला बसले आणि बोलायला लागले. आधी होडीशी, मग माशांशी, मग आमच्याशी. या पाण्याला भरती-ओहोटी नाय, म्हणून यातले मासे येडे आहेत, म्हणाले. अमावास्येच्या उधाणाला खाडीत कोणता मासा आत चढतो, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी चढतं तेव्हा, जाळं कुठं लावायचं, पाण्याचा रंग बदलला की तळाशी काय चाललंय ते कसं ओळखायचं, हे सगळं मी त्या साबणाच्या वडीमुळे ऐकलं. सोळा वर्षं खाडी घराच्या मागे होती. मी तिकडे पाठ करून अभ्यास करायची. आता रोज सहानंतर बाबा चहा घेऊन पडद्यासमोर बसायचे, आणि त्या काळ्यापांढऱ्या रेघेखाली मला पहिल्यांदा पाण्याचा तळ दिसायला लागला. मी वही बंद करून गुडघ्यांवर हनुवटी ठेवून ऐकत बसायची. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं ते कळत नसे.

मग नारळी पुनव आली. आळीत होड्या रंगवल्या जात होत्या, पताका लागत होत्या, बँडवाले ठरले होते. त्या दिवशी होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळद-कुंकू लावायचं, नारळ फोडून पाणी शिंपडायचं, मग ती पाण्यात. आमच्याकडे होडी नव्हती. बाबांनी त्या दिवशी हक्काची सुट्टी सोडून मुद्दाम ड्युटी मागून घेतली. आई करंज्या करून कुंदाच्या घरच्या बायकांबरोबर बंदरावर गेली. मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले, कारण माझ्या डोक्यात एक थोर विचार आला होता. होडी नाही कशी? आहे की.

पाट मांडला. त्यावर तांदूळ, तांदळावर होडीची कॅसेट. समई लावली. आता तिची नाळ कोणती, हा प्रश्न. मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, विचार केला: होडीचा जो भाग आधी पाण्यात शिरतो ती तिची नाळ. कॅसेटीचा कोणता भाग आधी मशीनमध्ये शिरतो? तांब्याच्या दातांचा. तेव्हा मी हळद पाण्यात कालवून ती त्या दातांवर छान बोटानं ओढली, वर कुंकवाची ठसठशीत बोटं लावली, नारळ फोडला आणि ओंजळभर पाणी वर शिंपडलं. लोकांचे हात हुंगणारी मी. आणि एवढ्यावर थांबले नाही. पूजा झाली की होडी लगेच पाण्यात घालायची असते, म्हणून ओली कॅसेट तशीच मशीनमध्ये खोचली आणि बटण दाबलं. बंदरावर बँड वाजत होता. पडद्यावर एकदा आडव्या पट्ट्या नाचल्या, 'टर्र' असा आवाज आला, आणि मुंग्या.

मशीन वाचलं. पुसून बाकीच्या कॅसेटी लावून पाहिल्या, समरांगण चाललं, पाताळयात्रा चालली, बुद्धिवैभवानं तर मला सात अधिक आठ किती असं विचारलं. होडी तेवढी गेली. आणि कंपनी बंद पडली म्हणजे काय, ते मला त्या क्षणी नीट समजलं. बाजारात दुसरी नाही. मस्कतमध्ये नाही. कुठेच नाही. बाबा सहा वाजता येणार होते.

बाबा आले, चहा घेतला, बसले. मी वही उघडली आणि माझ्या त्या कोरड्या चेहऱ्यानं म्हणाले, "होडी बाहेर गेलीये, बाबा. एका सभासदानं घरी नेलीये."

"कोनी?"

"कळव्याच्या एकानं. मामाच्या ओळखीतला."

"बरं," म्हणाले. दुसरी कोणती लावू, विचारलं तर मान हलवली. दुसऱ्या दिवशी टोपी काढता काढता विचारलं, "आली?" मी म्हटलं, नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. माझ्या वाचनालयातून कॅसेट घरी नेता येत नाही, हा नियम त्यांना पाठ होता. तरी ते विचारत होते आणि मी सांगितलेलं मानत होते. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही. चहा घेऊन मागच्या दारात जाऊन बसले, खाडीकडे तोंड करून. 'हो' आणि 'नाय'च्या त्या वर्षात ते परत निघाले होते, आणि तिथं ढकलणारी मी होते.

मी डबा घेऊन गेले आणि कॅसेट त्यांच्या मांडीवर ठेवली. दातांवर हळद वाळली होती. आई मागे मोरलीवर, म्हणजे विळीवर बसून कोलीम, बारीक जवळा, निवडत होती, तिचे हात थांबले.

"पुनवेला पूजा केली," मी म्हणाले. "आपल्याला होडी नाय म्हनून." शाळेतलं 'नाही' तोंडातून निघेना.

बाबांनी कॅसेट उचलून नाकाशी नेली. "नारल फोडलास?"

"हो."

"यावर?"

"हो."

त्यांनी नखानं एका दातावरची हळद खरवडून पाहिली. मी ओरडा खायची तयारी केली होती. अभ्यास केल्यासारखी केली होती.

"नारल कसा निघाला?" त्यांनी विचारलं.

"चांगला. गोड."

"मग झालं तर," म्हणाले, आणि आईकडे वळून, "हिनं नालेला लावली बघ हलद. बरोबर जागा धरली." आई तोंडाला पदर लावून हसत सुटली. मला हसायचं की रडायचं कळेना, म्हणून दोन्ही केलं.

मग त्यांनी ती दुरुस्तीला घेतली, होडीचं इंजिन घ्यायचे तशी. आधी गोड्या पाण्याचा हात. नंतर जुना दातांचा ब्रश, एका दिशेनं, कधी उलट नाही. मग माझं खोडरबर मागितलं आणि एकेक दात इतक्या सावकाश घासला की मला माझ्याच दातांत ते जाणवत होतं. शेवटी फडक्यात गुंडाळून चुलीवरच्या फळीवर, जिथं पावसाळ्यात सुकी मासळी दमट होऊ नये म्हणून ठेवतात तिथं, तीन दिवस. "हात लावायचा नाय," मला बजावलं. नियम माझ्यावर उलटला होता. तीन दिवस मी त्या फळीकडे मान वर करून बघत होते. देवळाच्या कळसाकडे माणूस बघतो ना, तशी. कुंदा दोनदा येऊन विचारून गेली, "भिजली काय गो होडी?"

तिसऱ्या दिवशी बाबांनी हात धुतले, कोणी न सांगता, आणि कॅसेट खोचली. मुंग्या. काढून पुन्हा खोचली. आडवी रेघ आली. तिच्यावर होडी. खाली पाणी. बाबांनी दांडी दाबली, जाळं सुटलं, तळापर्यंत गेलं, वर आलं. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात लक्षात आलं. मासे नव्हते. एकही नाही. जाळं फाडणारा मोठासुद्धा नाही. बाबांनी मशीन बंद करून पुन्हा लावलं, ब्रश फिरवून पुन्हा लावलं. होडी तीच, जाळं तेच, पाणी तेच, आणि सगळं रिकामं. नारळाच्या पाण्यानं त्या वडीतला नेमका कोणता धागा खाल्ला होता, कोणास ठाऊक. कितीतरी वर्षांनी एका इंजिनिअरला विचारलं, तर तो म्हणाला, असं होऊ शकतं. मला त्याच्या उत्तराची फार गरज नव्हती.

मी बाबांकडे बघायला धजत नव्हते. शेजारी बसलेली कुंदा उगाच दांडीची वायर सरळ करत होती. बाबा जरा पुढे वाकले, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, आणि म्हणाले, "हीच खरी आपली खाडी." त्यांच्या आवाजात खंत नव्हती. ओळखीचं माणूस दिसावं तसा तो आवाज होता. मग त्यांनी दांडी डावीकडे दाबली आणि होडी हाकायला लागले. मासा नाही, धोका नाही, गुण नाहीत, खेळ संपायचंही काही कारण नाही. होडी नुसती या काठाहून त्या काठाला, सावकाश, मध्ये थांबून जाळं सोडायचं, वाट बघायची, ओढायचं. इतक्या निगुतीनं, की रिकामं जाळं वर येताना आम्ही दोघी श्वास धरून बसायचो. आता येईल, या खेपेला येईल. पुस्तिकेतल्या न बनलेल्या डोंगरावर आम्ही चढायचो, तो खेळ आणि हा खेळ एकच आहे, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं आणि मी हळूच वही मिटली.

आई मोरली घेऊन दारात बसली होती. तिनं त्या मशीनकडे आजवर कधी धड बघितलं नव्हतं. आताही तिची मान खालीच होती, हात कोलीम निवडत होते. जाळं वर आलं, होडीला टेकलं.

"काय गावलं?" तिनं विचारलं.

बाबांचा हात दांडीवर थांबला. एक वर्ष झालं होतं हा प्रश्न ऐकून.

"आज काय नाय," ते म्हणाले.

"बरं," आई म्हणाली. "उंद्या बघा."

आणि बाबांनी जाळं पुन्हा पाण्यात सोडलं.